डेटा सायन्स शिकलेली मुलं आणि 'एक ओळ म्हणजे काय?'

अर्धविराम

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी विभागाच्या पाटीवर 'आणि डेटा सायन्स' असं रंगवून घेतलं. तेव्हापासून प्रवेशाला रांग लागते आणि मला झोप लागत नाही.

गेल्या आठवड्यात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा झाल्या. एकूण ३८ प्रकल्प. त्यातले बरेचसे सरावासाठी तयार मिळणाऱ्या त्याच त्या तक्त्यांवर: ११ टायटॅनिकच्या प्रवाशांवर, ६ घरांच्या किमतींवर आणि ५ आयरिसच्या फुलांवर. (ती १५० फुलं संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली वापरली, अजून कोमेजायचं नाव घेत नाहीत.)

एका मुलाचा विषय वेगळा दिसला म्हणून मी सावरून बसलो. कुठले ग्राहक सेवा सोडून जातील याचा अंदाज, अचूकता ९७ टक्के. आलेख देखणे, बोलणं सफाईदार. मी सहज विचारलं, "या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय?"

त्याने स्क्रीन वर नेली, खाली नेली. "सर, एक ओळ म्हणजे... एक रेकॉर्ड."
"कशाचं?"
"कस्टमरचं."
"मग हा एकच ग्राहक क्रमांक बारा ओळींत कसा दिसतोय?"

तो गप्प. प्रत्येक ओळ म्हणजे एका ग्राहकाचा एक महिना होता. चार महिने तो त्या तक्त्याबरोबर राहिला होता आणि त्याची ओळखच झाली नव्हती. पोरगा ढ नाही, वर्गात पहिल्या पाचात असतो. मग चुकलं कुठे? मला तर उलटी शंका येते, आपण शिकवलं तेच तो शिकला.

इथे या चर्चेच्या संकेतस्थळावर बरेच जण या क्षेत्रात काम करतात, काही जण नोकरीसाठी मुलाखतीही घेतात. शेवटच्या दोन सत्रांत आम्ही काय केलं तर ही मुलं कामाच्या पहिल्या दिवशी बावचळणार नाहीत? कोर्सच्या लिंका कृपया देऊ नका, त्या त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.

चिमणचारा

टायटॅनिक १९१२ साली बुडालं, त्यावरचे प्रकल्प मात्र अजून तरंगतायत.

कंसातली

सर, तुमचा प्रश्न मी चोरणार आहे.

मी नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेते. मॉडेल, म्हणजे माहितीवरून अंदाज बांधणारं गणित, लावायला सांगतच नाही. एक छोटा तक्ता देते आणि चाळीस मिनिटं. त्यात तारखा तीन तऱ्हांनी लिहिलेल्या असतात, काहींचं वय -१ असतं, एकच माणूस दोन स्पेलिंगांनी येतो. बहुतेक जण तक्ता उघडल्या उघडल्या रिकाम्या जागी सरासरी भरून मोकळे होतात, आणि ते -१ गुपचूप त्या सरासरीत जाऊन बसतं. एका मुलीने कीबोर्डवरचा हात काढून मला विचारलं, "हे -१ म्हणजे 'माहीत नाही' असं लिहिलंय का कुणी?" त्या क्षणी माझा निर्णय झाला होता. उरलेला वेळ आम्ही गप्पा मारल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन तक्ते जोडायला देते. जोडण्याआधी १२,००० ओळी, जोडल्यावर १९,०००. दहातल्या सात जणांच्या कपाळावर आठीही पडत नाही, ते पुढे बेरीज करायला लागतात. काही ग्राहकांचे दोन-दोन पत्ते होते, म्हणून त्यांची खरेदी दोनदा मोजली गेली, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवरून उद्या कुणी वरिष्ठ भर बैठकीत तोंडावर आपटू शकतो.

अर्जावर चौदा-चौदा प्रमाणपत्रं असतात. आता मी ती वाचत नाही.

खडूस_काका

विदा आहे का?

म्हणजे 'दहातल्या सात' हे एकूण किती मुलाखतींमधले? आणि प्रमाणपत्रं निरुपयोगी हे कशावरून? तुम्ही घेतलेली मुलं चांगली निघाली हे तुम्हाला दिसतं. नाकारलेली मुलं दुसरीकडे कशी चालली, हे कुठे दिसतं? दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजून तिथे पत्रा जाड करायचं चाललं होतं. तेव्हा अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाच्या गणिताचा रोख उलटा होता. जिथे खुणा नाहीत तिथे गोळी लागलेली विमानं परतच आलेली नाहीत. तुमच्या मुलाखतीतून परत न आलेली विमानं कुठे आहेत, ताई?

बाकी -१ चा किस्सा आवडला.

वृत्तबद्ध

काकांनी 'विदा' हा डेटासाठीचा मराठी शब्द वापरला म्हणून राहवलं नाही. अवांतर आहे, पण अगदीच नाही.

'डेटा' हा लॅटिनमधला शब्द, अर्थ 'दिलेल्या गोष्टी'. आपला 'विदा' घ्या 'विद्'वरून, म्हणजे जाणणे. धागाकर्त्यांचा तो विद्यार्थी पहिल्या अर्थाने काम करत होता. दिलेलं आहे ना, मग घ्या आणि वापरा. कुणी दिलं, कशासाठी नोंदवलं, काय नोंदवायचं राहिलं, हे विचारलं की त्याचा विदा होतो. शाळेत मध्यक आणि बहुलक हे शब्द किती सुंदर शिकवले होते. मुलाखतीत मात्र मुलं 'मीन-मीडियन-मोड' एका श्वासात म्हणतात, जणू ती एकाच माणसाची तीन नावं आहेत.

चिमणचारा

मला इतकी वर्षं वाटायचं 'विदा आहे का?' म्हणजे काका समोरच्याला निरोप देतायत. हलकं घ्या.

शेवटचा_बाक

मी शेवटच्या वर्षाला आहे (धागाकर्त्यांच्या विद्यापीठात नाही, हुश्श) आणि माझाही प्रकल्प टायटॅनिकवरच होता. झोपेतून उठवलं तरी सांगेन. ८९१ ओळी, त्यातल्या १७७ जणांचं वय नाही, ६८७ जणांची केबिन नाही, दोघं कुठून चढले ते ठाऊक नाही.

सर, आम्ही हे का करतो ते सांगतो. आमच्या गुणांच्या तक्त्यात 'मॉडेल व अचूकता' याला ४० गुण आहेत आणि 'माहितीची स्वच्छता' याला ५. पाच गुणांसाठी कोण रात्र जागवणार? शिवाय ओबडधोबड माहिती आणायची कुठून? कुठल्या संस्थेकडे मागायला गेलं तर गोपनीय म्हणतात. इंटरनेटवर मिळते ती आधीच कुणीतरी धुऊन, इस्त्री करून ठेवलेली असते.

आणि नोकरीच्या जाहिराती! जागा नवशिक्याची, अनुभव तीन वर्षांचा. पायथॉन, आर, एसक्यूएल, स्पार्क, क्लाउड, डीप लर्निंग, वर 'उत्तम संवादकौशल्य'. मी ११२ अर्ज केले, ६ ठिकाणांहून उत्तर आलं, त्यातली ४ यंत्राने पाठवलेली. आता कुणी सांगेल का, यातलं नक्की काय शिकू?

अर्धविराम

शेवटचा_बाक, तुमच्या त्या ४० आणि ५ ने मर्मावर बोट ठेवलंत. उठून आमचा गुणतक्ता काढून पाहिला. आमच्याकडे ३५ आणि १० आहे. तयार मीच केला होता.

रात्रपाळी

माझं काम सगळ्यांच्या खालचं, म्हणजे नळजोडणीचं. माहिती इथून तिथे वेळेवर पोचवायची, आणि पहाटे तीनला पाइप फुटला की उठायचं. तेव्हा माझं मत त्या चष्म्यातून वाचा.

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या आकड्यांत आल्याच नाहीत. कारण काय, तर प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये उतरवली जात होती आणि त्या फाइलच्या एका पानात ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. त्यापुढच्या ओळी गळून पडल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. इथे कुणाचं मॉडेल चुकलं नव्हतं. 'पाठवल्या किती, पोचल्या किती' हे जुळवून पाहणारा एक साधा ताळा हवा होता. हा ताळा कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

माझा सल्ला एकच. प्रकल्प झाला की शेजारच्या बाकावरच्या मुलाला द्यायचा. त्याने तो स्वतःच्या संगणकावर चालवून तेच आकडे काढून दाखवायचे. फोन करायचा नाही, 'अरे तो कोडचा तिसरा सेल आधी चालव' असं सांगायचं नाही. निम्मे गुण याला ठेवा. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), फोल्डरांची शिस्त, लिहून ठेवणं, हे सगळं मुलं पंधरवड्यात आपोआप शिकतात, कारण मित्राच्या शिव्या हा फार प्रभावी शिक्षक आहे.

रात्रपाळी

प्र.का.टा.आ., म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता. हो, माझाच. हसा.)

शून्यावर_बाद

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर आमच्या जीवशास्त्राचं दुखणं ऐका. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी नावं असलेली जनुकं होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या, १ मार्च आणि २ सप्टेंबर. छापून आलेल्या शोधनिबंधांच्या जोडतक्त्यांत अशा तारखा सापडायच्या. शेवटी २०२० साली जनुकांच्या नामकरण समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. आपोआप होणारा हा बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

यावरून मला म्हणायचंय ते असं. डेटा सायन्सच्या मुलाला तो तक्ता दिला तर '१ मार्च' बघून त्याला काहीच खटकणार नाही, तारीखच ती. आमच्याकडच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला लगेच खटकेल. उलट तिला हजार फायली एकदम तपासता येणार नाहीत, त्याला येतील. मग या दोघांना एका प्रकल्पावर का बसवत नाही? विद्यापीठात पन्नास विभाग असतात, प्रत्येकाच्या कपाटात न तपासलेली माहिती पडलेली असते, आणि तुमची मुलं टायटॅनिकवर.

पोटतिडीक

कसलं काय घेऊन बसलात. २०१२ साली एका नामांकित व्यवस्थापन-नियतकालिकाने डेटा सायंटिस्टच्या कामाला एकविसाव्या शतकातली सर्वात मादक नोकरी ठरवलं, त्यावर विद्यापीठांनी दुकानं मांडली. आता यंत्रच कोड लिहितं. साफसफाई तेच करतं, आलेख तेच काढतं, अहवालही तेच लिहितं. मुलं चार वर्षं घालवून जे शिकतात ते कुणीही चार वाक्यं टंकून मिळवतो. तुम्ही गुणतक्ते बदलत बसा.

कंसातली

@पोटतिडीक, निम्मं मान्य. कोड लिहिण्याची मक्तेदारी गेली, आणि ती गेली हे बरंच झालं. पण म्हणूनच मी परीक्षा बदलली. आता यंत्राने लिहिलेला कोड छापून उमेदवारापुढे ठेवते आणि विचारते, "यावर तुम्ही सही कराल का?" कोड बिनचूक चालतो. फक्त ग्राहक सोडून जाणार का याचा अंदाज करताना त्यात 'सेवा बंद झाल्याची तारीख' हा रकाना वापरलेला असतो. ती तारीख असते फक्त सोडून गेलेल्यांपाशी. हे ज्याला दिसत नाही त्याला कोड लिहिता आला काय आणि न आला काय.

अर्धविराम सर, यावरून आठवलं. तुमच्या त्या मुलाच्या ९७ टक्क्यांवर मला संशय आहे. ओळ जर ग्राहक-महिन्याची असेल आणि त्याने मॉडेलला शिकवण्याच्या व तपासण्याच्या ओळी सरमिसळ वाटल्या असतील, तर एकाच ग्राहकाचे काही महिने इकडे आणि काही तिकडे गेले असणार. मग मॉडेल अंदाज करत नाही, ओळखीचा चेहरा ओळखतं. बघता का?

चिमणचारा

थोडक्यात, पेपर फुटला होता.

अर्धविराम

बघितलं. आज त्या मुलाला बोलावलं, दोघं मिळून बसलो. पेपर फुटलाच होता.

वाटणी ओळींनुसार न करता ग्राहकांनुसार केली. एका ग्राहकाचे सगळे महिने एकाच बाजूला. ९७ चे ८४ झाले. मग मी म्हटलं, मॉडेलबिडेल बाजूला ठेव, 'कुणीच सोडून जाणार नाही' असं डोळे मिटून सांगितलं तर किती येतं? आलं ८३. चार महिन्यांची कमाई एक टक्का. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे माझा पहिला प्रश्नच चुकला होता." मला इतकं बरं वाटलं की गुण वाढवावेसे वाटले, पण गुणपत्रिका गेली होती. आणि त्यातही गंमत बघा, ते ९७ टक्के बघून मीच त्याला ३५ पैकी ३३ दिले होते. म्हणजे पेपर फुटला तो माझ्या देखत.

खडूस_काका

अर्धविराम, प्रांजळपणाबद्दल सलाम. आता माझं मत.

मुलांना नवे प्रकल्प देऊच नका. जुनं, छापलेलं काहीतरी पुन्हा करून दाखवायला सांगा. २०१० साली राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन बड्या अर्थतज्ज्ञांनी मांडलं होतं की देशावरचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ मंदावते. देशोदेशीच्या काटकसरीच्या धोरणांसाठी त्याचा दाखला दिला जायचा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात (ॲमहर्स्टला) थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला गृहपाठ होता, कुठलाही प्रसिद्ध निबंध निवडा आणि त्यातले आकडे पुन्हा काढा. त्याचे काही जुळेनात. त्याला वाटलं आपलंच चुकतंय. शेवटी लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात शेवटचे पाच देश धरलेच नव्हते. त्याशिवाय काही वर्षं वगळली होती आणि देशांना भार देण्याची पद्धतही वादाची होती. सगळं धरून जिथे उणे ०.१ टक्का वाढ दाखवली होती तिथे २.२ टक्के निघाली. २०१३ साली हे बाहेर आलं. गृहपाठ होता हो, गृहपाठ!

यातून मुलगा शिकतो ते कुठल्या अवजारात नसतं. अवजारं जुनी होतात, विचार होत नाही. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सकोम्बचे ते चार आलेख १९७३ चे. सरासरी तीच, सहसंबंध तोच ०.८१६, आणि चित्रं चार वेगळी. ते ११-११ ठिपके कागदावर हाताने काढायला लावा, मग लॅपटॉप उघडू द्या.

रात्रपाळी

काका, अवजारं जुनी होतात हे सरसकट नाही चालायचं. संगणकशास्त्रज्ञ कॉडने तक्त्यांच्या नात्यांचं गणित १९७० साली मांडलं, त्यावरची एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, १९७४ ची. तुमच्या अ‍ॅन्सकोम्बच्याच वयाची. मी आजही दिवसातले सहा तास तीच लिहितो. काही अवजारं म्हणजेच विचार असतो. जोडणी केल्यावर १२,००० च्या १९,००० का झाल्या हा प्रश्न अवजाराचा की विचाराचा?

गृहपाठाची कल्पना मात्र एकदम मान्य. +१.

शेवटचा_बाक

हे सगळं छान चाललंय, पण माझ्याकडे पाच महिने आहेत आणि कुणीच सांगत नाहीये मी सोमवारी सकाळी काय करू. आमचा गुणतक्ता काही बदलणार नाही.

कंसातली

बरोबर आहे, आम्ही आपापली हौस भागवतोय. सांगते.

आधी माणूस शोध, माहिती नंतर. ज्याला खरोखर काहीतरी जाणून घ्यायचंय आणि ज्याच्याकडे मोजायला वेळ नाही असा कुणीतरी. प्रयोगशाळेचा सहायक, खेळाच्या मैदानाची पाळी लावणारा, वसतिगृहाचा देखभाल बघणारा. त्याला 'तुमच्याकडे डेटा आहे का' असं विचारू नकोस, तो नाही म्हणेल. 'तुम्ही वहीत काय लिहून ठेवता' असं विचार. गोपनीयतेचा प्रश्नही मग सोपा होतो, कारण नावं लागतच नाहीत. वहीतलं उतरवून घेतानाच तुला कळेल की शनिवारच्या नोंदी सोमवारी आठवून लिहिल्या जातात. हे जे कळतं ना, ते मुलाखतीत सांग. मी खुर्चीत पुढे सरकते.

मॉडेल लावायच्या आधी त्याला विचार, "उत्तर हो आलं तर तुम्ही काय वेगळं करणार, नाही आलं तर काय?" दोन्हीकडे 'काहीच नाही' असेल तर प्रश्न बदल. कित्येकदा मॉडेल लागतच नाही, एक नीट मोजलेला तक्ता पुरतो. तो पुरला हे सांगायला लाजू नकोस. आणि काय टाकून दिलंस, का टाकलंस, याची अर्धा पान नोंद ठेव. जिंकलेल्या गोष्टी सगळेच सांगतात.

जाहिरातींचं म्हणशील तर ती मागणाऱ्याची इच्छायादी असते. तिच्यातलं निम्मं जमत असेल तर अर्ज कर. 'डेटा सायंटिस्ट' या नावामागे धावू नकोस. एकाच नावाखाली कुणी अहवाल काढतं, कुणी पाइप जोडतं, कुणी संशोधन करतं. जाहिरातीतल्या कामाच्या ओळी वाच, पदनाम झाक. विश्लेषकाच्या साध्या जागेवर दोन वर्षं घालवलेला माणूस पुढे फार टिकतो, हे माझं निरीक्षण. (काका, विदा नाही.)

एसक्यूएल पक्की, पायथॉन कामापुरती, संख्याशास्त्राचं पहिलं पुस्तक पुन्हा एकदा. बाकी कामावर शिकशील.

वृत्तबद्ध

आणि लिहिता यायला हवं. माझ्याकडे भाषा तपासायला प्रकल्प-अहवाल येतात. "सदर मॉडेल अत्यंत समाधानकारक कामगिरी करताना आढळून आले." कुणाला आढळलं? समाधान कुणाचं झालं? मी समासात लिहितो, 'शंभरातले किती चुकले ते लिहा.' मग वाक्य होतं, "शंभर ग्राहकांमागे सोळांचा अंदाज चुकला." हे वाक्य लिहिताना त्या मुलाच्या पोटात गोळा येतो. यायलाच हवा. 'संवादकौशल्य' म्हणून टाय लावून उभं राहायला शिकवतात, त्याऐवजी अशी दहा वाक्यं लिहून घ्या.

पोटतिडीक

वरची 'सही कराल का' ही परीक्षा बरी आहे. एवढंच म्हणतो.

अर्धविराम

तीन महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

गुणतक्ता बदलायला मंडळापुढे गेलो. माहितीच्या ओळखीला ५० गुण मागितले होते, २० मिळाले. उरलेले ८० जुन्याच वाटणीने. 'अचूकता मोजता येते, ओळख कशी मोजणार' असा प्रश्न आला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं.

त्या २० गुणांत आमच्याच ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी मुलांना दिल्या. प्रश्न ग्रंथपालांचा होता, कुठल्या पुस्तकांच्या जास्त प्रती घ्याव्यात? मुलांनी दोन तासांत यादी आणली. पहिल्या क्रमांकावर द्रवगतिकीचं एक जाडजूड पुस्तक, जे आमच्याकडे फारसं कुणी शिकवतही नाही. मुलांनी त्यावर कारणमीमांसाही लिहून आणली होती, दीड पान! मग एकीने विचारलं, एक ओळ म्हणजे काय? तीन दिवस वाद झाला. शेवटी खाली जाऊन ग्रंथपालांना विचारलं तर ते दोन मिनिटांत म्हणाले, "मुदत वाढवली की नवी ओळ पडते." ते पुस्तक एकाच प्राध्यापकांकडे होतं आणि त्यांनी ३१ वेळा मुदत वाढवून घेतली होती.

ओळ म्हणजे 'एका माणसाने एक पुस्तक एकदा नेलं' अशी ठरवल्यावर यादी उलटीपालटी झाली. आणि मग पुढचा प्रश्न कुणी न सांगता आला. ज्यांना पुस्तक मिळालंच नाही, हात हलवत परत गेले, त्यांची ओळ कुठे आहे? ती कुठेच नाही. काका, तुमची विमानं!

आता ग्रंथपालांनी पटलावर एक वही ठेवलीय, 'मागितलं, पण नव्हतं'.

शून्यावर_बाद

मस्तच. एक शंका. देवघेवीच्या नोंदींत कुणी काय वाचलं हे येतं. नावं काढली असतीलच, पण नोंदणी क्रमांक? २००६ साली एओएल या इंटरनेट कंपनीने लोकांच्या शोधनोंदी जाहीर केल्या तेव्हा नावांच्या जागी नुसते क्रमांक टाकले होते. पत्रकारांनी त्यातल्या एका बाईंना त्यांच्या शोधांवरूनच हुडकून काढलं. तुमच्याकडे तर ३१ मुदतवाढी बघून सगळ्या विभागाला प्राध्यापक कळले असतील.

अर्धविराम

कळले. ते मीच होतो.

पण मुद्दा रास्त आहे. नोंदणी क्रमांक काढून भलतेच क्रमांक टाकले होते, तरी विभाग आणि वर्ष हे दोन रकाने राहिले होते आणि लहान विभागात तेवढं पुरतं. पुढच्या वर्षी ते दोन्ही काढून देणार. (आणि पुस्तक परत केलं.)

शेवटचा_बाक

सर, हसून हसून मेलो.

माझी खबर. प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या वहीवर काम केलं. नोकरी अजून नाही, दोन मुलाखती झाल्या. दुसरीत मला तक्ता दिला आणि मी आधी विचारलं, "यातली एक ओळ म्हणजे काय?" समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला ऑर्डर, दुसरा म्हणाला ऑर्डरमधली एकेक वस्तू. पंधरा मिनिटं त्यांचंच चाललं होतं. निकाल पुढच्या आठवड्यात.

जाता जाता, सराव म्हणून हा धागा उतरवून घेऊन मोजला. एक ओळ म्हणजे एक प्रतिसाद. माझा हा सोडून एकूण २४. सर्वाधिक अर्धविराम सर, ५. त्याखालोखाल कंसातली ताई, चिमणचारा आणि रात्रपाळी, प्रत्येकी ३.

खडूस_काका

रात्रपाळींचे तीन कसे?

शेवटचा_बाक

अरे देवा. प्र.का.टा.आ.

खडूस_काका

आणि धागा उघडणारं मूळ लेखन 'प्रतिसाद' कसं? कुणाला दिलेला?

शेवटचा_बाक

म्हणजे २४ चे २२. अर्धविराम सर ४, रात्रपाळी २. मघाचा 'अरे देवा' प्रतिसाद म्हणून होता, काढून टाकलेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

चिमणचारा

हे आत्ताचे चार धरून की सोडून?